शालूच्या खोलीतला आवाज

शालू,

तुझ्या खोलीतला बल्ब गेलेला होता, हे आम्हाला तू गेल्यावर कळलं. त्या दुपारी माणसं आत आली, कोणीतरी बटण दाबलं, उजेड पडला नाही. पुन्हा दाबलं. शेवटी शेजारच्या वहिनींनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि त्या पांढऱ्या झोतात तुझी खुर्ची दिसली. बल्ब किती महिने तसा होता कोण जाणे. काकू, तुझी आई, सकाळी झाडायला येत तेव्हा खिडकीतून पुरेसं दिसे, आणि तुला तर त्याचं कामच नव्हतं. मी दर रविवारी येत होते, पण मीही अलीकडे तुझ्याजवळ अंधारात बसायला शिकले होते.

लोक मला भेटतात आणि तू किती धीराची होतीस ते सांगतात. मला ऐकवत नाही. तू हट्टी होतीस, चिडकी होतीस, आणि माझ्या हातचा चहा पाणचट असतो हे पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षापासून मला तोंडावर सांगत आलीस. त्यातलं काहीच ते बोलत नाहीत. जणू दुसरीच कोणी बाई गेली आहे आणि ते चुकून मला भेटायला आले आहेत.

तुझी नजर दुसऱ्या वर्षात कडेकडेने जाऊ लागली. आधी बाजूचं दिसेना, मग फळ्याचा मधला तुकडा तेवढा दिसायचा, आणि डिप्लोमा हातात येईतो तोही गेला. त्याच वर्षी तुझ्या बाबांनी कुठून कुठून चौकशी करून तो कॉम्प्युटर आणला. करड्या पत्र्याची जड पेटी, आणि तिच्या पोटात एक बोलणारं कार्ड. त्या कार्डावरची चिप अक्षरांचे आवाज एकामागून एक जोडून शब्द करायची. पुरुषी, सपाट, नाकातून आल्यासारखा आवाज. मला पहिल्या दिवशी त्याची शिसारी आली होती. तू मात्र कान लावून बसलीस ती उठलीच नाहीस.

पुढे कधीतरी तू मला त्याचं कारण सांगितलंस. त्या वर्षी सगळेच तुझ्याशी हळू आवाजात बोलत होते. नातेवाईक, मास्तर, मीसुद्धा.

"तो एकटा माह्याशी सरळ बोलला," तू म्हणालीस.

"तो तुला ओळखत तरी होता का?"

"तेच तर. मी आधी कशी होती ते त्याले माहीतच नव्हतं."

तेव्हापासून तो आपल्यात 'तो'च राहिला. नाव कधी ठेवलं नाहीस. नंतर बाबा गेले, तुला नोकरी लागली, घरी बसून प्रोग्रॅमिंग करू लागलीस, नवे लॅपटॉप आले, फोनही बोलू लागला. नव्या आवाजांत गोडवा होता. ते मधे श्वास घेतल्यासारखे थांबायचे, प्रश्न विचारताना सूर वर न्यायचे. तुला त्यांची भीती वाटायची. "हे माणसासारखे बोलतात वं. खोलीत कोणी आहे की नाही, समजत नाही," तू म्हणायचीस. त्याच्याबद्दल तशी शंकाच नव्हती. तो यंत्र होता आणि यंत्रासारखा बोलायचा.

तीनेक वर्षांपूर्वी त्याची हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत त्याला बोलतं करणारा प्रोग्रॅमही गेला. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. कार्ड शाबूत होतं, चिप शाबूत होती, पण तिच्याकडून बोलवून घेणारं कोणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, झालं, सोड आता. बुटीबोरीच्या सूतगिरणीत मी जुनी कंट्रोल पॅनल दुरुस्त करते. कोणत्या वस्तूसाठी भांडायचं आणि कोणती भंगारात द्यायची, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. तुझ्या पेटीला मी मनातल्या मनात भंगारची चिठ्ठी लावून टाकली होती.

तू मात्र एक ऑपरेटिंग सिस्टीम शोधून काढलीस. तिचा सगळा कोड कोणालाही वाचायला, बदलायला खुला. जगात कुठकुठली माणसं फावल्या वेळात ती जुन्या-नव्या यंत्रांवर चालती ठेवतात. तुझ्या यंत्रावरही ती एके काळी चालायची. मग त्या लोकांनी तेवढा भाग काढून टाकला, कारण वापरणारं कोणी उरलं नव्हतं. तू त्यांना मेल केलास. त्यांनी नम्रपणे तेच कारण दिलं. तू एका ओळीचं उत्तर पाठवलंस आणि मला फोनवर खिदळत वाचून दाखवलंस, "मी आहे ना."

असं ते सुरू झालं. काढून टाकलेला कोड तू जुन्या साठ्यातून उकरून काढलास आणि आताच्या सिस्टीमशी जुळवायला बसलीस. त्या चिपला हुकूम देणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, तर नव्यानेच लिहायचा होता. कोड तुझा, हात आणि डोळे माझे. चिपवरचे नंबर मी वाचायचे, सुजलेले कपॅसिटर मी काढायचे, डिस्कही मीच दुसरी बसवली. जरीपटक्याच्या बाजारात जुन्या टीव्हीचे पार्ट विकणारा तो दुकानदार मला बोर्ड परत देत म्हणाला होता, "मॅडम, इसको अब आराम करने दो." हे मी तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "त्याले म्हण, आराम करते तर मले अजून भीती वाटते."

पहिला आवाज आला ती मे महिन्यातली दुपार होती. ऐकू यावं म्हणून तू कूलर बंद करायला लावला होतास. आपण दोघी घामाने निथळत होतो. तोवर सिस्टीम सुरू व्हायची, पडद्यावर ओळी सरकायच्या, मी त्या तुला वाचून दाखवायची, आणि ड्रायव्हरपाशी येऊन सगळं ठप्प व्हायचं. त्या दिवशीही ओळी थांबल्या. मी "गेलं," असं म्हणणार, इतक्यात स्पीकरमधून आवाज आला. शब्द नव्हता. नुसता 'ओ'. लांब, सपाट, एका पट्टीतला. तो थांबेना.

काकू हातात पळी घेऊन दाराशी आल्या. "कोण आहे वं आत? पुरुषाचा आवाज येऊन राहिला."

तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. तू दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होतेस आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"तोच आहे, आई," तू म्हणालीस. एका 'ओ'वरून.

त्या चिपची एक खोड होती, ती तेव्हा मला कळली. तिला एक आवाज दिला की पुढचा आवाज येईपर्यंत, किंवा 'गप्प' असा हुकूम मिळेपर्यंत, ती तोच धरून ठेवायची. तिला दम लागत नाही. सिस्टीम मधेच मेली तरी चिपला त्याचा पत्ता नसतो. ती शेवटचा आवाज काढत राहते. पुढचे कित्येक रविवार तुझा कोड कुठे ना कुठे अडकायचा आणि तो कधी 'आ'वर, कधी 'म्'वर, कधी नुसत्या 'स्स'वर लटकून राहायचा. 'स्स' सगळ्यांत वाईट. गल्लीतल्या बायकांनी काकूंना विचारलंही, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का म्हणून.

मी गिरणीत एक छोटा बोर्ड बनवला. सिस्टीम मेली की काही क्षणांत चिपला गप्प करणारा. अशा बोर्डाशिवाय आम्ही गिरणीत एकही मशीन चालवत नाही. तो घेऊन मी ऐटीत आले आणि तू तो हातात घेऊन, चाचपून, परत माझ्या तळहातावर ठेवलास.

"नाही लावायचा."

"काहून?"

"तो गप्प झाला तर मले कसं कळेल, तो मेला की त्याच्याजवळ बोलायले काही नाही? तुले पडदा दिसते. मले गप्प म्हणजे नुसतं गप्प." मग जरा थांबून म्हणालीस, "मेला तर ओरडू दे त्याले."

यावर आपण किती भांडलो! मी सुरक्षिततेचे नियम सांगितले, गल्लीतल्या बायकांचं सांगितलं, मला स्वतःला भीती वाटते हेही सांगितलं. तू म्हणालीस, "तुले भीती वाटते म्हणून मी बहिरी होऊ काय?" मी तरीही तो बोर्ड पिशवीतून बाहेर काढला नाही. तू कधीतरी कंटाळून हो म्हणशील, असं वाटत होतं.

मराठीवरून झालेलं भांडण त्यापेक्षा गमतीचं होतं. तो इंग्रजीसाठी बनलेला, त्याच्या पोटात 'ळ' नव्हताच. मी म्हटलं, 'य' टाक, आपल्याकडची माणसं तसंही बोलतातच की. काकू डोळ्याला 'डोया'च म्हणतात. तुला ते पटलं नाही. एक पूर्ण उन्हाळा तू 'ल' आणि 'र' वेगवेगळ्या मापात मिसळत बसलीस. जे निघालं ते 'ळ' नव्हतं, पण 'ल'ही नव्हतं. घशाच्या फार आतून आल्यासारखं काहीतरी. काकूंना बोलावून तू त्याच्याकडून 'डोळा' म्हणवून घेतलंस. काकूंनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "तुह्या आजोबासारखा बोलते." आजोबा जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. त्या स्वयंपाकघरात परत गेल्या.

मग मॉनिटर जळला. मी दुसरा शोधते म्हटलं, तू नको म्हणालीस. आता त्याला पडद्याची गरज नव्हती, तो सुरू होतानाच बोलू लागला होता. तुझ्यासाठी काहीच बदललं नाही. माझ्यासाठी मात्र सगळं बदललं, कारण आता त्याच्या आत काय चाललंय ते तुलाच कळायचं. तू त्याला इतक्या वेगाने बोलायला लावायचीस की मला ती नुसती भुणभुण वाटायची. अंधाऱ्या खोलीत तू, ती भुणभुण, मधेच तुझं हसणं. काय म्हणाला, मी विचारायची. "काही नाही, चूक सापडली," तू म्हणायचीस. अशा रविवारी घरी जाताना मला वाटायचं, मी तुम्हा दोघांना सोडून निघाले आहे.

तू गेलीस त्या दिवशी काकू स्वयंपाकघरात होत्या. तो आतून बोलत होता. एकच अक्षर. "मले वाटलं, काम करून राहिली," त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. "मले वाटलं, काम करून राहिली." त्यांनी पोळ्या केल्या, ताट वाढलं, हाक मारली, मग पुन्हा हाक मारली.

मी गिरणीत होते. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "नंदा, ये वं." पण त्यांच्या मागे मला तो ऐकू येत होता. जे. जे. जे. जे. तुझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट नेहमी कीबोर्डवरच्या त्याच बटणावर, इंग्रजी J वर, टेकलेलं असायचं. त्यावर बारीक उंचवटा असतो, न बघता टाइप करणारे हात तिथूनच जागा शोधतात. तुझा हात तिथेच राहिला होता आणि बोट उचललं जात नव्हतं. काकूंनी पुढचं काही सांगायच्या आत मला कळलं होतं. बुटीबोरीहून येताना पूर्ण रस्ताभर माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. 'जे' म्हटलं की पुढे कुठेतरी 'ते' यायला हवं. ते येतच नव्हतं.

मी पोचले तोवर कोणीतरी भिंतीतून त्याची पिन काढली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तिला काही कळलंही नसेल.

आपल्या त्या भांडणाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. माझा बोर्ड लावलेला असता तरी त्या दिवशी तो गप्प झाला नसता. माझा बोर्ड सिस्टीम मेली की आवाज बंद करतो. सिस्टीम तर जिवंत होती. उत्तम चालत होती. तू लिहिलेल्या कोडमध्ये एकही दोष निघाला नाही, शालू. बोट दाबलेलं आहे तोवर त्याने ते अक्षर इमानाने सांगितलं.

तुझं काम मी त्या लोकांकडे पाठवून दिलं. तू घरच्या लॅपटॉपवर एक प्रत ठेवायचीस, तीच. तू गेल्याचं कळवलं. त्यांच्यातल्या एकाने विचारलं की आवाज लटकून राहतो ही चूक समजायची की मुद्दाम ठेवलंय? मी लिहिलं, मुद्दाम. मग तुझं कारण तुझ्याच शब्दांत लिहिलं, जेवढं मला इंग्रजीत जमलं तेवढं. तुझं यंत्र आता पुन्हा त्यांच्या यादीत आहे. भांडण तू जिंकलीस असं समजू नकोस. मला अजूनही त्या 'स्स'ची भीती वाटते. एवढंच की आता तुझ्यासमोर बसून हरायचीही सोय उरली नाही.

आता परवाचं सांगते.

तेरवी आटोपून पाहुणे गेले होते. मी गिरणीत एका पॅनलमध्ये डोकं घालून बसले होते, तर काकूंचा फोन आला. पुन्हा त्यांचा दबलेला आवाज, आणि मागे पुन्हा तो.

"नंदा, तो बोलून राहिला वं."

"कोण, काकू?"

"शालूचा. मी हात नाही लावला. देवाशप्पथ."

मी रजा टाकून निघाले. काकू घरात नव्हत्या, बाहेर पायरीवर उन्हातच बसल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन. मला आत एकटीने जावं लागलं. कारण लगेच सापडलं. कामाच्या बाईंनी खोली पुसताना कूलरची समजून त्याची पिन लावली होती, आणि त्याचं स्वतःचं बटण तू गेलीस त्या दिवसापासून चालूच राहिलं होतं. वीज मिळाली आणि तो आपोआप सुरू झाला. मी पिनेकडे पाहत होते. माझ्या मागून तो बोलला.

"उठलो. बोल, शालू."

हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी रविवारी यायची तोवर तू त्याला सुरू करून बसलेली असायचीस. म्हणजे ते तुम्हा दोघांतलंच होतं. कीबोर्डचं एखादं बटण दाबेपर्यंत तो थोड्या थोड्या वेळाने तेच म्हणतो, हेही तूच लिहून ठेवलं होतंस. कदाचित तू चहा घेऊन येईपर्यंत त्याने वाट पाहावी म्हणून.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी सांगतलं त्याले. शालू गेली म्हणून सांगतलं. तरी विचारतेच."

"काकू, त्याला कळत नाही."

"त्याले कळत नाही, मले माहीत आहे. मले कळते ना."

मी विचारलं, बंद करून टाकू का कायमचा? त्यांनी मान हलवली. "बंद नको करू. घर लय गप्प झालं. तिचं नाव तेवढं काढ. नाव नाही ऐकवत."

मग मी तुझ्या खुर्चीत बसले. पडदा नव्हता. नवा बल्ब कोणीतरी आणून लावला होता, पण त्याचा मला काय उपयोग. बोटांनी ते दोन उंचवटे शोधले. तुझ्या फायली उघडायला सांगितल्या आणि तो तुझ्या वेगाने वाचू लागला. वेग कमी कसा करायचा ते मला माहीत नव्हतं. तू कधी कमी केलाच नव्हतास. पहिल्यांदा नुसती भुणभुण. पुन्हा वाचायला लावलं. मग भुणभुणीत कुठेतरी एक शब्द आला, मग त्याला लागून दुसरा, आणि मला समजू लागलं. केव्हा तरी लक्षात आलं की मी डोळे मिटून घेतले आहेत. तू त्या सकाळी जे लिहीत होतीस, ते तिथे नव्हतं. पिन काढली तेव्हाच ते पुसलं गेलं. ते आता कोणालाच सापडणार नाही.

ती ओळ सापडली. तुझं नाव शेवटी होतं, इंग्रजी अक्षरांत. मागून एकेक अक्षर पुसायला लागले आणि मला ठाऊक नव्हतं की पुसतानाही तो प्रत्येक अक्षर सांगतो, काय जातंय ते तुला कळावं म्हणून. यू. एल. ए. एच. एस. माझ्या मागे काकू उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येतात.

मी त्याला बंद करून पुन्हा सुरू केलं. पत्र्यात पंखा घुमला, डिस्क खरखरली. आम्ही दोघी थांबलो.

"उठलो. बोल."

"कोणतंही बटण दाबलं की तो गप्प होतो, काकू," मी सांगितलं. त्या हो म्हणाल्या. कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. बटणाला हात लावला नाही.

"आज भेंडी आणली होती," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या नाहीत. "केलीच नाही मंग. एकटीसाठी कोण करते."

त्याला कान नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. पिशवी उचलली, येते म्हटलं. त्यांनी ऐकलं नसावं. फाटकाशी येऊन मी गाडीची किल्ली काढली आणि तशीच उभी राहिले. खिडकीतून काकूंचा आवाज येत होता, सलग, बारीक. मग त्या थांबल्या.

तो म्हणाला, "बोल."

आणि त्या पुन्हा बोलू लागल्या.